मंगळवारची घंटा

दिग्रस, रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

कपिल बेटा,

तुले सलाम लिहू का आशीर्वाद, हे ठरवता ठरवता चहा थंडा झाला. दोन्ही घे. आई आहे मी तुझी, दोन्हीवर माझा हक्क आहे.

फोन तू उचलत नाही म्हणून कागद घेतला. मेसेज टाकला तर दोन निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचते पोरगा, बोलत नाही. पत्र फाडायसाठी का होईना, हातात तर घ्यावं लागन. अमरावतीच्या वसतिगृहात लोकायची साठ पोरं सांभाळतं म्हणे तू. पप्पा गेले, घरी एकटी म्हातारी आहे, तिची खबर घ्यायले दीड वर्षात टाइम भेटला नाही तुले.

जाऊ दे. भांडायले नाही बसली मी.

चर्चच्या त्या वार्षिक सभेत मी हासली, हे मले कबूल आहे. तू चार पानं टाइप करून आणलती. वर मोठ्या अक्षरात 'मंडळीचं दर्शन, पुढची पाच वर्षं'. आपली मंडळी सव्वीस घरांची. चर्चचं छत गळते, पाळकसाहेब यवतमाळहून महिन्यातून एकदा येतात, अन् तू म्हणतं, कापूस वेचणाऱ्या बायायची लेकरं चर्चमध्ये ठेवू, जेवू घालू, अन् रोज दुपारी घंटा वाजवू. रविवार सोडून घंटा फक्त मयताले वाजते हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालेही माहीत. म्हणून मी उठून म्हटलं, "मंगळवारी घंटा? कोण मेलं?" सगळे हासले. तुझे कान लाल झाले ते मी पाह्यलं. मंग हात वर करायची वेळ आली तेव्हा मी विरोधात हात केला. तिसऱ्या दिवशी तू बॅग भरली.

आता घंटा भगवानराव वाजवतात. मंडळीत सगळ्यात वडील तेच, पण घंटा अशी वाजवतात जशे कोणाले रागावून राह्यले. तुझी घंटा वेगळी होती. दहा वर्षांचा होता तेव्हा पप्पानं दोर तुझ्या हाती दिला. तो तुझ्या हातून सुटे, मंग दोन ठोके एकदम पडत अन् तिसरा मागून येई. पप्पा म्हणत, "आपली घंटा बोबडी बोलते." दाढी आली तरी तू तशीच वाजवत राह्यला.

बाकी सगळं बरं आहे. हां, एक झालं, काही विशेष नाही. मागच्या सोमवारी तांड्यावरची रुपीबाई दारात आली, नात खांद्यावर टाकून. पोरीचं नाव सोनू, चार वर्षांची. आजी अन् माय दोघी वेचणीले, अन् ही धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसलेली. भूक लागली तर कुंपणाच्या मोगली एरंडाच्या बिया खाल्ल्या. ओकून ओकून लेकरू पांढरं पडलं होतं. मी रिटायर झाली तरी लोकायसाठी सिस्टरच आहे, म्हणून आधी माझ्याकडे आली. दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी रुपीबाई तिले माझ्या ओट्यावर सोडून वावरात निघून गेली. मले विचारलंही नाही. "सिस्टरबाई, संध्याकाळी नेतो," म्हणे.

आता ओट्यावर चार लेकरं खेळतात. बाकी काही नाही. तू उगाच काही समजून घेऊ नको.

तुझी आई

दिग्रस, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

बेटा,

उत्तर नाही आलं. पोस्टमनले दोनदा विचारलं. तो आता आपल्या गल्लीतून सायकल जोरात काढते.

मागच्या पत्रात चार लेकरं लिहिलं होतं. तेव्हाच सात होती. आता अकरा आहेत. ओट्यावर मावत नाहीत, एक शाम नावाचा पोट्टा दोनदा नालीत पडला. चर्चची चाबी माझ्याचजवळ असते, हे तुले माहीत आहे. मंगळवारपासून मी लेकरं चर्चमध्ये घेऊन बसतो. कोणाले सांगितलं नाही. सकाळी नऊले दार उघडतो, बायका परतल्या की झाडून, बाक जागेवर लावून, बंद करतो. आज उपासनेले आलेली मैनाबाई म्हणे, "सिस्टर, चर्च कसं चकाचक दिसून राह्यलं." मी म्हटलं, "वारा चांगला सुटला होता."

आणखी एक कबूल करायचं आहे. आपल्या बायका रोज स्वयंपाकाच्या आधी मूठभर तांदूळ देवाच्या नावानं काढून ठेवतात, अन् रविवारी चर्चच्या डब्यात टाकतात, तो डबाही माझ्याचकडे. त्यातल्या तांदळाची खिचडी शिजवली. न विचारता. तांदूळ देवाचा अन् लेकरंही देवाची, असं मनाले समजावलं, पण पहिल्या दिवशी डब्याचं झाकण दोनदा उघडून बंद केलं.

अन् त्या डब्याखाली काय सापडलं माहीत आहे? तुझी चार पानं. मीच ठेवली असतील, डबा गंजू नये म्हणून. एका कोपऱ्यावर डब्याचा गोल ठसा पडला आहे. बसून पुरी वाचली. त्या दिवशी सभेत मी फक्त पहिलं पान ऐकलं होतं.

चांगलं लिहिलं आहे बाबू. पण तुझ्या दर्शनात संडास नाही. अकरा लेकरं अन् चर्चच्या मागं एक बाभूळ. नाक पुसायच्या फडक्याचं नाही, दुपारी झोपायच्या सतरंजीचं नाही. पान दोनवर 'लेकरांना मूल्यशिक्षण' लिहिलं आहे. इथं शाम दुसऱ्याच्या ताटातला बटाटा उचलते, त्याले कोणतं मूल्य शिकवू? दुसरा बटाटा देतो.

शुक्रवारी तांड्याचे नाईक आले, धरमसिंग. पागोटं, पांढऱ्या मिशा, दारातच उभे. म्हणे, "बाई, लेकरायले खाऊ घालता. मंग नावं बदलता का?" मी म्हटलं, "नावं नाही बदलत जी, नाकं पुसतो." ते काही हासले नाहीत. आत येऊन बाकावर बसले, खिचडीचा एक घास खाल्ला, म्हणे, "मीठ कमी आहे." दुसऱ्या दिवशी तांड्यावरून दोन किलो तूरडाळ आली.

तुझ्यासारखं मले काही दर्शन झालं नाही. मले एक ओकणारी पोरगी दिसली, तेवढंच.

सोनू मले सिस्टर याडी म्हणते. त्यांच्या बोलीत आईले याडी म्हणतात. हे ऐकलं त्या दिवशी मी जेवली नाही. तुझी आठवण आली.

आई

दिग्रस, बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

बेटा,

हे वाचून तू हासशील. हास. तुझी बारी आहे.

काल मंगळवार होता. त्याच्या आदल्या दिवशी रुपीबाई म्हणे, "सिस्टरबाई, आमी वावरात असतो. कमरेले ओटी बांधून कापूस वेचतो, पण ध्यान लेकरात. जेवले का, धुऱ्यावर गेले का, काही समजत नाही. कधी कधी काम सोडून पाहाले येतो अन् मालक बोलते." वावरं आर्णी रोडच्या बाजूनं, चर्चपासून किलोमीटरही नाहीत. मी म्हटलं, "उद्यापासून लेकरं जेवली की घंटा वाजवतो. ऐकली की समजा पोटं भरली."

आपली घंटा मुळात कापसाच्या जिनिंग कारखान्याची, हे पप्पा नेहमी सांगत. पाळी बदलली की कामगारायले बोलवायले वाजे. म्हणजे तिले कामाच्या दिवशी वाजायची सवय आहे. एवढाच विचार केला मी. मंगळवारी वाजली तर आपले लोक काय समजतील, हे पार विसरून गेली.

साडेबाराले दोर ओढला. दहा ठोके दिले, हात भरून आले तोपर्यंत. पोट्टे टाळ्या वाजवून राह्यले होते.

वीस मिनिटात फाटक वाजलं. मैनाबाई. पांढरी साडी, गाण्याचं पुस्तक काखेत, पदर डोळ्याले. तिच्या मागं निशिगंधा अन् तिची सासू, त्यायच्या मागं आणखी घरं, सगळे पांढऱ्यात. कोणी झेंडू आणला, कोणी मोगऱ्याचा हार. मी हातात पळी घेऊन उभी, अन् मैनाबाई मले पाहून जमिनीवरच बसली. "सिस्टर, फोन लागला नाही, तर तुम्हीच मेल्या म्हणून मी रस्ताभर रडत आली," म्हणे. "आता काय करू?" मी म्हटलं, "आता कांदे चिर. डोळे ओले आहेतच."

भगवानराव शेवटी आले. ते मयताच्या पेटीवाल्याले फोन करून आलते. कोणाच्या मापाची, हे विचारायचं राह्यलं होतं म्हणे.

त्यायले राग आला. तो खराच होता. "सभेचा ठराव मोडला तुम्ही. तांदूळ कोणाला विचारून घेतला? उद्या लोक दारात आले, लेकरं बाटवता म्हणाले, तर कोण उत्तर देईन?" मी खाली मान घालून ऐकलं. मंग म्हणे, "निदान जेवायच्या आधी प्रार्थना तरी करून घेता का त्यांच्याकडून?" मी म्हटलं, "प्रार्थना मी सकाळी दार उघडायच्या आधी करतो. लेकरायनं फक्त जेवायचं."

झेंडूवाल्यायले झेंडू कुठं ठेवावा समजेना. तेवढ्यात सोनू उठली, बरबटलेल्या हातानं भगवानरावांच्या पांढऱ्या पायजाम्याले धरलं अन् वर पाहात राह्यली. त्यायनं तिच्या गालावरचं शीत बोटानं काढलं. बोट पायजाम्यालेच पुसलं, अन् निशिगंधाच्या नवऱ्यावर ओरडले, "बाक सरकव ना तो. लेकरायच्या तोंडावर ऊन येऊन राह्यलं, दिसत नाही काय?"

मोगऱ्याचा हार शामनं दिवसभर गळ्यात घालून ठेवला. मैनाबाई चारपर्यंत भांडी घासत बसली, पांढऱ्या साडीत.

संध्याकाळी रुपीबाई आली. म्हणे, घंटा ऐकू आली तेव्हा सगळ्या बाया वावरात थांबल्या. एकमेकींकडे पाह्यलं, अन् पुन्हा वेचायले लागल्या.

तू लिहिलं होतं, रोज दुपारी वाजावी. वाजली.

आई

दिग्रस, रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

कपिल,

आज बस स्टँडवर गेलती, मैनाबाईच्या पोरीले पुसदच्या गाडीत बसवायले. तिथं चहावाला उकंडा म्हणे, "सिस्टर, कपिलभाऊ त्या दिवशी तसेच काहून परत गेले?"

मी म्हटलं, कोणता कपिल?

त्यानं सगळं सांगितलं. त्या मंगळवारी पाचच्या सुमारास तू अमरावतीच्या गाडीतून उतरला. डोळे सुजलेले. पायात वसतिगृहाची रबरी चप्पल. उकंडाले विचारलं, "मयत कधी निघते?" तो म्हणे, "कोणाची मयत? तुमची आई तर चर्चात तांड्याच्या पोरायले खिचडी वाढून राह्यली, पुरं गाव हासून राह्यलं." तू बाकावर बसला. हासला, अन् मंग रडला, अर्धा तास. दोन चहा पिला अन् परतीच्या गाडीत बसला.

भगवानरावायले जाऊन धरलं. घंटा ऐकली, माझा फोन लागला नाही, तर त्यायनं नक्की न समजताच सगळ्यात आधी तुले फोन केला होता. मी जिती दिसल्यावर पुन्हा लावला, तर तुझा फोन बंद. नंतर मले सांगायची हिंमत झाली नाही. फोन घरी चार्जिंगले लावला होता रे मी.

म्हणजे आई मेली समजून चार तास तू गाडीत बसून होता. मले हे सहन होऊन नाही राह्यलं. अन् जिवंत आहे समजल्यावर तुझा रुसवा तुले परत आठवला. स्टँडपासून चर्च दहा मिनिटं. मयताले आलता, मंग जितीले काहून नाही भेटला?

आता खरं लिहितो. मागच्या पत्रात लिहिलं की लोक काय समजतील हे मी विसरून गेली होती. खोटं आहे ते. दोर हातात घेतला तेव्हा चांगलं ठाऊक होतं की सगळे धावत येतील. तोंडानं मागायले मले लाज वाटत होती. सभेत ज्या गोष्टीवर हासली, तीच गोष्ट त्याच लोकायपुढं कशी मागू? म्हणून घंटेले पुढं केलं. पण तुझ्यापर्यंत फोन जाईन हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. देव साक्षी आहे.

अन् दुसरं खरं. पप्पाच्या कपाळावरची ती खूण तुले आठवते. सायकलवरून पडले असं तुले सांगत आली. ते पडले नव्हते. तू तीन वर्षांचा होता. दूरच्या एका गावी औषधं वाटायले गेलते, कोणी तरी आवई उठवली की धर्म बाटवायले आले, अन् गर्दीतून दगड आला. मी स्वतः सात टाके घातले. ते पुन्हा कुठं गेले नाहीत, रविवारची घंटा तेवढी वाजवत राह्यले. तू ती चार पानं वाचायले उभा राह्यला तेव्हा मले तुझं कपाळ दिसत होतं. लेकरं नाही दिसली, तांडा नाही दिसला, फक्त तुझं कपाळ. भीती वाटते म्हणून सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतं. म्हणून हासली. तुले वाचवायले गेली अन् तुलेच घालवून बसली.

मागच्या रविवारी सभा झाली. तुझी चार पानं मी मोठ्यानं वाचली, संडासाची ओळ पेनानं जोडून. सगळे हात वर. भगवानरावांचा अर्धाच, खांदा दुखते म्हणे. मंग सगळ्यायसमोर तुझं नाव घेऊन माफी मागितली. सगळ्यायसमोर हासली होती, म्हणून माफीही तशीच मागितली. पण ज्याची मागायची तोच तिथं नव्हता.

माफ कर बेटा. ये.

आई

दिग्रस, बुधवार, १० डिसेंबर २०२५

बेटा,

अक्षर वाकडं आहे, ताप आहे. चार दिवसांपासून अंथरुणावर. घाबरू नको, मी सिस्टर आहे, मरायचं असलं तर मले आधी समजन.

लेकरं आता एकोणीस झाली. जेवणाची अडचण नाही, बायायनं वार वाटून घेतले आहेत. बुधवार निशिगंधाचा, तिच्या हातानं मीठ जास्त पडते. धरमसिंगले ते आवडते.

घंटेची अडचण आहे. सोमवारपासून वाजली नाही. भगवानराव लेकीकडे बाभुळगावले गेले. मैनाबाईनं एकदा ओढून पाह्यली, दोर तिलेच वर घेऊन गेला, आता हात लावत नाही. रुपीबाईले म्हटलं, तर कानाले हात लावते, "तुमच्या देवाची आहे ती, माझ्या हातून कशी?" मी म्हटलं, तिचा आवाज तर तुमच्यासाठीच आहे. पण ऐकत नाही. सोमवारी दुपारी ती वावरातून धावत आली, धाप लागलेली. घंटा नाही वाजली, सोनूले काही झालं का. सोनू सतरंजीवर झोपली होती. रुपीबाईचा अर्धा दिवस गेला. काल दोन बाया तशाच आल्या. मले इथं पडून नुसतं ऐकावं लागते की काही ऐकू येत नाही.

सकाळपासून देवाशी भांडून राह्यली. म्हटलं, तूच ही लेकरं ओट्यावर आणून बसवली, आता दोर ओढायले माणूसही तूच

थांब.

घंटा वाजली.

साडेबारा झाले आहेत. लेकरं जेवली असतील. कोण असन? मैनाबाई नाही. भगवानराव आले असतील, पण हे रागावणं नाही.

दोन ठोके एकदम पडले. तिसरा मागून आला.

पुन्हा. दोन एकदम, मंग एक.

मैनाबाईचं पोरगं धावत आलं अन् दारातून काही सांगून राह्यलं, मी त्याले म्हटलं गप्प बस, मले ऐकू दे.

बोबडी बोलून राह्यली रे आपली घंटा. वावरात बाया थांबल्या असतील.

आता हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकू? राहू दे, हातातच घेऊन येतो. एक चप्पल सापडली, दुसरी सापडून नाही राह्यली. तू दोर सोडू नको, मी तशीच निघाली.